समोरची

पाटीवर माईने एकच शब्द लिहिला होता आणि तो ती कुणाला पुसू देत नव्हती. ‘समोरची.’

मधलीने तो सकाळी वाचला, चपला घातल्या आणि दुपारच्या जेवणाआधी समोरचीला घेऊनच परतली. थोरल्याला जिन्यावर दोन माणसांचे पाय ऐकू आले. एक बहिणीचे, झपझप. दुसरे दर पायरीला थांबून श्वास घेणारे. तो दारात जाऊन उभा राहिला.

"हे तू केलंस?"

"माईने केलं. मी नुसती बस पकडली."

"सभा उद्यावर आलीय, आणि आज तू ह्या बाईंना..."

"आत्या म्हण, दादा. बाबांची सख्खी बहीण आहे."

"नाही म्हणणार."

"मग हळू तरी बोल. माईचा आवाज गेलाय, कान अजून अर्धे शाबूत आहेत."

माईचा आवाज थंडीत गेला होता. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. इतकी वर्षं कापसाची धूळ गिळल्यावर घसा आणखी काय करणार, असं ते म्हणाले. तेव्हापासून उशाशी पाटी होती. पण माई अक्षरं शिकली ती युनियनच्या संध्याकाळच्या वर्गात, केस पिकायला लागल्यावर. तिचं एक अक्षर बोरासारखं मोठं, आणि तिसऱ्या शब्दाला पाटी संपायची. ‘पाणी’, ‘खिडकी लाव’, ‘चहा गार’, एवढ्याला पाटी पुरत होती. भाषणाला पुरणार नव्हती.

आणि उद्या भाषण होतं. आठ तासांचा दिवस मिळवला त्याला उद्या पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्या लढ्यात ज्या बायकांनी आपापले माग थांबवले, त्यांच्यातल्या मोजक्याच उरल्या होत्या. माईला मंचावर बसवायचं आणि थोरल्याने, युनियनचा सचिव म्हणून, तिच्या नावाने लिहिलेलं भाषण वाचायचं, असं ठरलं होतं. त्याने ते तिला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं होतं. दर वेळी एका ठराविक जागी ती पलंगाच्या कडेवर तळहात आपटायची. नाही. काय नाही, हे पाटीवर मावत नव्हतं.

आत्या उंबऱ्याशी थांबली. पिशवी पोटाशी धरून तिने आधी खोली पाहून घेतली. खिडकीखालचा पलंग तोच होता. भिंतीवर भावाचा फोटो होता, तो तिने पाहिला नव्हता. भाऊ गेला त्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडे, चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. वर आली नव्हती.

"या ना आत," थोरली सून म्हणाली आणि दाराजवळच खुर्ची ठेवली. "इथे बसा. वारा लागेल."

खुर्ची कुठे ठेवली आणि का ठेवली, हे आत्याला कळलं. ती बसायला वाकली, तेवढ्यात पलंगावर तळहात आपटला. माईने बोट केलं. इथे. माझ्या समोर.

"समोर म्हणतायत," धाकटा खिडकीच्या कट्ट्यावरून म्हणाला. त्याने उतरून खुर्ची उचलली. माई बोटाने जवळ, मागे, अजून मागे असं दाखवत राहिली आणि एका जागी तिने हात खाली केला. धाकट्याला त्यात काही कळलं नाही. आत्याला बसल्याबरोबर कळलं. दोन मागांच्या ओळींमध्ये जेवढी वाट असायची, तेवढंच हे अंतर होतं.

माईचे ओठ हलले.

मुलांना दिसलं ते एवढंच की आई तोंड मोठं करून, जबडा ताणून, काहीतरी चावल्यासारखं करते आहे. पण गिरणीच्या विणकाम खात्यात शेकडो माग एकदम चालायचे तेव्हा कानाशी ओरडूनही काही ऐकू यायचं नाही. बायका ओठांनी बोलायच्या. प्रत्येक शब्द तोंडात घडवून समोर ठेवायचा. डोळ्यांनी वाचायचा. भुवई वर गेली की प्रश्न. कानाच्या पाळीला बोट लागलं की मुकादम येतोय. ह्या बोलण्यात लग्नं जमली, भांडणं झाली, पोरांची नावं ठरली. माई ह्या घरात सून म्हणून आली ती अशीच; समोरच्या मागावरच्या मैत्रिणीने तिला वाटेच्या पलीकडून विचारलं होतं, ‘माझा भाऊ बघणार का?’

आत्या एकदम हसली.

"काय म्हणाली?" मधलीने विचारलं.

"म्हणते, थेरडी झालीस की. दात कुठे ठेवून आलीस? दात नसले तर तुझं वाचायचं कसं मी?"

धाकटा खो खो हसला. सूनही हसली आणि नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

"हे खरंच माई म्हणाली कशावरून?" थोरला म्हणाला. "ह्या मनाचं घालतील. आपल्याला थोडंच वाचता येतंय?"

"दादा, तुझं भाषण तर सगळंच मनाचं आहे," धाकटा म्हणाला.

"तू गप. बारा तास राबून येतोस आणि मला युनियन शिकवतोस."

"मला येतं थोडं," मधली म्हणाली. "ये, खा, झोप, आणि मुकादम आला."

ती पाळणाघरातली होती. ह्या घरात तिघांची ओळख बाबा अशीच करून द्यायचे. थोरला बिनरजेचा, मधली पाळणाघरातली आणि धाकटा भरपगारी. थोरल्याच्या वेळी माई पाळी संपेपर्यंत मागावर उभी होती आणि पहाटे तो जन्मला. मधलीच्या वेळी बायकांनी गेटवर पोरं मांडीवर घेऊन ठिय्या दिला आणि गिरणीत पाळणाघर आलं. धाकट्याच्या वेळेला बाळंतपणाची पगारी रजा लागू झाली होती. "ह्याने जन्मायलाही चांगली वेळ बघितली," असं बाबा म्हणायचे, आणि धाकटा आजतागायत ते सहन करत होता.

पाळणाघराच्या जाळीतून मधलीने लहानपणी एक किडकिडीत बाई पाहिली होती. ती रोज येताजाता तोंडाने ‘खाल्लंस का?’ असं करायची. इतर बायका त्या बाईकडे पाठ करायच्या. पाठ करायचं बायकांचं ठरलं होतं, पण जाळीच्या आतल्या पोरांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मधली हात हलवायची.

माईने टाळी वाजवली. पुरे झाला गोंधळ. तिने थोरल्याला खूण केली, लिही. आणि ती बोलू लागली. आत्या तिच्या तोंडाकडे बघत, एकेक वाक्य उचलून खोलीत ठेवत गेली. ‘मी’ म्हणायची, ते माईचं ‘मी’ होतं.

"‘आम्ही अंधारात जायचो, अंधारात यायचो. मुलगा झोपेतच लहानाचा मोठा होत होता. युनियनने तीनदा अर्ज दिला, तीनदा साहेबांनी चहा पाजून परत पाठवला. मग ठरलं की मागायचं नाही. आठ तास भरले की माग थांबवायचे आणि चालू लागायचं.’"

थोरल्याची पेन्सिल चालू झाली. हे त्याच्या भाषणात नव्हतं. चहाचं तर त्याला माहीतच नव्हतं.

"‘निरोप खात्यात फिरवायचा कसा? मुकादम ओळींमधून फिरत होता. मी समोर बघितलं आणि ओठांनी सांगितलं. तिने वळून पुढच्या ओळीला सांगितलं. मुकादम मध्ये उभा, आणि निरोप त्याच्या दोन्ही बाजूंनी चाललेला. त्याला वाटलं बायका जांभया देतायत.’"

"‘तिने’ म्हणजे कोणी?" थोरल्याने विचारलं.

"समोरचीने," आत्या म्हणाली. आणि मग आपल्या आवाजात, "मी."

पेन्सिल थांबली.

इथेच माई तळहात आपटायची, हे थोरल्याच्या लक्षात आलं. त्याच्या भाषणात ह्या जागी ‘निरोप ओळीमागून ओळीत पसरला’ असं होतं. ते चुकीचं नव्हतं. त्यात फक्त माणूस नव्हतं.

"‘वेळ झाली. पहिले माझे माग थांबले, मग समोरचे. मग एकेक ओळ. एवढ्या मोठ्या खात्यात आवाज बंद पडल्यावर कानात दडे बसले. आम्ही बाहेर आलो तर ऊन होतं. बायका गेटबाहेर नुसत्या उभ्या. त्या उन्हाचं करायचं काय, कुणाला सुचेना. कुणीतरी म्हणालं, घरी चला की गं.’"

थोरल्याने मान खाली घातली. ती संध्याकाळ त्याला आठवत होती. तो पायरीवर बसला होता आणि गल्लीच्या टोकाकडून आई उजेडात चालत आली. केसांत कापूस, डोळे बारीक केलेले. आधी त्याने तिला ओळखलंच नाही. रविवार सोडून इतर दिवशी ती कशी दिसते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली. स्वयंपाकाला अजून वेळ होता, पाणी भरून झालं होतं, झोपायची वेळ झाली नव्हती. "आता काय करूया?" असं तिने त्याला, एवढ्याशा पोराला, विचारलं. मग दोघं भिंतीवरून जाणारं मांजर बघत बसले. जन्मभर त्याने युनियनचं काम केलं, सभा घेतल्या, तुरुंगात राहून आला, ते सगळं त्या मांजरापाशी सुरू झालं होतं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुढे?" त्याने विचारलं. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

माई बोलत होती. आत्या मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"आत्या, पुढे काय म्हणते?" मधलीने विचारलं.

"पुढचं मी नाही बोलणार."

"बघ," थोरला बहिणीला म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

पलंगावर तळहात आपटला. माई पुढे वाकली आणि तेच वाक्य तिने पुन्हा, हळू, प्रत्येक शब्द ताणून केलं. आत्याने ते पाहिलं. तिचा आवाज सपाट झाला.

"‘दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप. मग संप. महिना गेला, दुसरा लागला. कंपनीने पाटी लावली, जी येणार नाही तिचे माग दुसरीला देऊ. आणि माझ्या समोरची बाई आत गेली. तिने आम्हाला दगा दिला.’"

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिची चाकं वाजली.

"माई, हे काय बोलणं झालं?" धाकटा कट्ट्यावरून उतरला. "बाईला घरी बोलवायचं आणि तिच्याच तोंडून तिला शिव्या द्यायच्या? माणसाची काही अडचण असते. काय चुकलं तिचं?"

त्याचा आवाज गरजेपेक्षा चढला होता आणि त्याचं कारण त्याचं त्यालाच माहीत होतं. तो ज्या गोदामात काम करायचा तिथे युनियन नव्हती, पाळी बारा तासांची होती, आणि सोमवारपासून आठ तास झाले की हातातली खोकी खाली ठेवायची, अशी कुजबुज चालली होती. पोरं त्याला विचारत होती, तू आहेस ना? तो हसून विषय टाळत होता. आत्याला आज बोलावलंय हे कळल्यावर त्याला बरं वाटलं होतं. वाटलं होतं, माई तिला जवळ घेईल, झालं गेलं म्हणेल, आणि मग आपल्यालाही वाट राहील.

माई त्याच्याकडे बघत बोलली. आत्या भाषांतर करताना माईकडेच बघत होती.

"‘चुकलं. मोठं चुकलं. अडचण कुणाला नव्हती? मी घरातली भांडी विकली. आज पुन्हा तेच झालं तर मी पुन्हा तिच्याकडे पाठ करीन.’"

"हे घेऊया," थोरला म्हणाला. तो सरसावून बसला होता. "हे असंच्या असं घेऊया."

आता तो आत्याकडे जरा बऱ्या नजरेने बघत होता. स्वतःविरुद्धचं एवढं सरळ बोलली म्हणजे बाई मनाचं घालत नाही. पण माईने मान हलवली आणि पुन्हा बोलायला लागली. ह्या वेळी आत्याला वाचायला वेळ लागला. एकदा तिने भुवई वर केली, म्हणजे पुन्हा सांग. माईने पुन्हा सांगितलं.

"म्हणते... ‘दोन्ही घ्यायचं. निरोप तिने नेला, ते घ्यायचं. आत गेली, तेही घ्यायचं. एकच सांगितलं तर खोटं होतं. नुसतं दुसरं सांगितलं तर तेही खोटं. उद्या हे मीच बोलणार, मंचावर, तिच्या तोंडून. तुझ्या भाषणात ती नाहीच. मी काय भिंतीला निरोप दिला?’"

सून फस्सकन हसली आणि तोंडावर हात ठेवला.

"तुला हसायला काय झालं?" थोरला म्हणाला.

"काही नाही. भिंतीला म्हणाल्या ना, म्हणून. मी रोज तेच करते."

"उद्या शेवटी नवीन पोरं असणार समोर," थोरला समजावणीच्या सुरात माईला म्हणाला. "त्यांना हुरूप यावा म्हणून सभा. त्यात फुटलेल्यांची गोष्ट कशाला? त्यांना वाटेल, आपल्यातलेही फुटतील."

"फुटतीलच," धाकटा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो आत्याकडे वळला होता. "आत्या, तू आत गेलीस तेव्हा कसं होतं गं? खरं सांग. तुझं तू सांग."

आत्याने इतका वेळ दुसऱ्याचं ‘मी’ तोंडात धरलं होतं. आपलं उचलायला तिला जरा वेळ लागला.

"माझ्याकडे पोरबाळ नव्हतं, अडचण नव्हती. ते उगाच लावू नका मला. माझे माग होते. बारा वर्षं मीच चालवत होते. कुठला कधी धागा तोडणार हे मला आवाजावरून नाही, पायाखालच्या थरथरीवरून कळायचं. दुसरी कुणी येऊन ते चालवणार, हे मला बघवेना. म्हणून गेले. आत गेले तर दहा-बाराच माग चालू. आवाजच नव्हता. पहिल्यांदाच त्या खात्यात कानांनी बोलणं ऐकू आलं असतं. आणि कुणी बोलत नव्हतं. जी ती खाली बघत होती. माग होते हो माझ्याजवळ. समोर कुणी नव्हतं."

धाकटा पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसला. खिडकीबाहेर बघत राहिला. तो म्हणाला, "हे नवीन पोरांनी ऐकायला हवं, दादा. मला तरी हवं होतं."

थोरल्याने मधलीकडे बघितलं. ती त्याच्या बाजूची कधीच नव्हती. त्याने बायकोकडे बघितलं.

"मी उद्या आत्याबाईंच्या शेजारी बसेन," सून म्हणाली. "खाली कुणी काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

"मी येते कुठे पण?" आत्या उठलीच. "घरात बोलले तेवढं पुरे. उद्या खाली त्याच बायका असणार. ज्या उरल्यात त्या. त्यांनी एकदा पाठ फिरवली, ती सोसली. मंचावर उभं राहून ‘हिने दगा दिला’ मीच म्हणायचं, आणि त्यांच्या पाठी मीच मोजायच्या? मला नाही जमणार, वहिनी," ती माईला म्हणाली. "तुझं तू दुसरं कुणी बघ."

दुसरं कुणी नव्हतं. हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. ओठ वाचणाऱ्यांतली एक दूर मुलीकडे गेली होती, सभेला येणाऱ्या दोघी-तिघींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, बाकीच्या फोटोत होत्या. आत्या गेली तर माई उद्या मंचावर बाहुलीसारखी बसणार होती आणि तिच्या नावाने कागद वाचला जाणार होता.

माईने तिला थांबवलं नाही. हात पुढे केला नाही. ती नुसती बघत होती, आता काय करशील ते कर, अशी.

थोरल्याच्या डोळ्यांसमोर बाबा आले. गेटवर खोक्यावर उभं राहून आत गेलेल्यांची नावं बाबांनीच वाचली होती. बहिणीचं नाव त्यांनी इतरांच्याच आवाजात वाचलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माईने तेव्हा त्यांना काहीतरी सांगितलं होतं, पण ओठांनीच, म्हणजे पोराला कळू नये. बाबांना ओठ वाचता येत नव्हते. तरी ते जेवायला बसले.

तो उठला. हातातले कागद त्याने घडी करून खिशात घातले, भाषणाचा आणि आत्ता लिहिलेला, दोन्ही.

"गाडी नऊला येईल," तो म्हणाला. "आधी तुमच्याकडे वळवतो, मग इथे. मंचाला पायऱ्या उंच आहेत. माझा हात धरून चढायचं." आणि मग, इतकी वर्षं न वापरल्याने जड झालेला शब्द त्याने उचलला. "चालेल ना, आत्या?"

आत्या पुन्हा खुर्चीवर बसली. खुर्ची तिथेच होती, वाटेच्या अलीकडे.

"पाठी फिरल्या तर?" तिने विचारलं.

"फिरतील एखाददोन," थोरला म्हणाला. "तुम्ही माईकडे बघा. तुमचं काम माईचं तोंड वाचणं आहे, त्यांच्या पाठी नाही."

"लबाड आहेस," ती म्हणाली. "बापावर गेलास."

तेवढ्यात माईने बोट हलवून तिचं लक्ष वेधलं आणि काहीतरी बोलली. लांबलचक. आत्या भाषांतर करायला तोंड उघडून थांबली. मग तिने आवाज काढलाच नाही. ओठांनीच उत्तर दिलं. माईने मान वाकडी केली, भुवई उंचावली. आत्या पुन्हा बोलली, ह्या वेळी हातवारे करत, आणि डोळे पुसत, आणि मध्येच चिडल्यासारखी.

"काय म्हणते?" थोरला विचारायला गेला. खिशातला कागद त्याने पुन्हा काढला होता. "हे घ्यायचंय का?"

"ठेव तो," मधली म्हणाली. तिने त्याच्या कोपराला धरलं. "चला, आपण जेवून घेऊ."

"तुला कळतंय का ते काय बोलतायत?"

"मला चारच शब्द येतात, दादा. चल."

सगळे आतल्या खोलीत गेले. सुनेने ताटं घेतली. दार उघडंच होतं, आणि थोरला ताट हातात घेऊन त्या दारातच उभा राहिला. पलंगावर एक म्हातारी, खुर्चीवर दुसरी. तोंडं सारखी चाललेली. आवाज अजिबात नव्हता. एकदा माई इतक्या जोरात हसली की तिचा पलंग हलला. एकदा दोघींचेही ओठ थांबले, पण कुणी नजर काढली नाही. मग आत्याने काहीतरी विचारलं आणि पुन्हा सुरू झालं.

"बोलवू का त्यांना जेवायला?" सुनेने हळूच विचारलं.

"नको," थोरला म्हणाला.

जेवण गार झालं. त्यांना कुणी हाक मारली नाही.